एक्सलचं दुसरं टोक

आबा, आज धुळ्याहून मागचा एक्सल आणला. तुम्ही गेल्यापासून त्या भंगारबाजारात मी गेलोच नव्हतो. लागेल तो भाग इथे जळगावातच शोधायचो, नाहीतर गिऱ्हाइकाला नवा आणायला सांगायचो. या वेळी इलाज नव्हता. रावेरच्या एका केळीवाल्याच्या मुलाने आपल्या लहानशा गाडीत मोठं इंजिन बसवलं आहे, घाटातल्या शर्यतीत उतरायचं म्हणतो. त्या इंजिनाच्या जोराने क्लच सोडताच मूळच्या एक्सलमधल्या गिअरचे दात तुटले. आता तेवढ्याच रुंदीचा, पण दणकट एक्सल हवा. जीपचा चालत नाही, तो ओढतो पण धावत नाही. मुलगा हसतमुख आहे, मला मास्तर म्हणतो. भर वेगात वळणावर मागची चाकं जाम झाली तर काय होईल, हे त्याच्या मनातही येत नाही. माझ्या मनातून ते जात नाही.

आठवी सोडून तुमच्या हाताखाली आलो, तेव्हा एक्सल निवडायला दोन माणसं का लागतात हे मला कळत नव्हतं. तुम्ही एका टोकाला बसायचात, चाक बसतं ती चकती दोन्ही हातांनी घट्ट धरायचात आणि मी दुसऱ्या टोकाची सावकाश फिरवायचो. एक टोक गच्च धरलं तरच सगळा भार मधल्या दातांवर येतो आणि आत कुठे खटका असला तर हाताला लागतो. एकदा तुम्ही पाण्याला गेलात आणि कोपऱ्यावरचा एक विकणारा आपणहून येऊन बसला. मी त्याला धरू दिलं. तुम्ही परत येताना ते बघितलंत. स्टँडवर चहा पिताना, माझ्याकडे न बघता म्हणालात, "विकणाऱ्याच्या हातात दुसरं टोक द्यायचं नाही. तो लबाड असतो असं नाही. पण त्याचा हात सैल पडतो, अन् त्याचं त्यालाही कळत नाही." मग आपल्या बशीतलं अर्धं बिस्कीट माझ्या बशीत ठेवलंत.

आज दोन एक्सल समोर होते. एक डिझेलने धुतलेला, वरून काळा रंग मारलेला. बूच उघडलं तर आत नवंकोरं तेल, म्हणजे जुन्यातला चुरा धुऊन टाकलेला. तुम्ही अशा वेळी गुडघ्यावर हात टेकून उठायचात, तसाच मी उठलो. दुसरा गंजलेला, पण आतलं तेल जुनं, काळं. बोटांत चोळून उन्हात धरलं, लोखंडाची चमक नव्हती. घरून नेलेल्या सुतळीने रुंदी मोजली, दोनदा मोजली. एवढ्यापर्यंत मला कोणाची गरज पडली नाही.

मग दुसरं टोक आलं. मी ते दोराने एका ट्रकच्या सांगाड्याला बांधलं आणि इकडे येऊन फिरवू लागलो. दोर ताणतो, जरासा सुटतो, पुन्हा ताणतो. हाताला जे लागतंय ते एक्सलचं की दोराचं, काही कळेना. सोडून पुन्हा आवळलं, तरी तेच. येणारेजाणारे बघून पुढे जात होते. कितीदा बांधलं आणि सोडलं कोण जाणे, तळहात सोलवटले.

भंगारवाला बाजेवरून बघत होता. तुमचा नेहमीचाच, आता दाढी पांढरी झाली आहे. म्हणाला, "एकलाच उना? आबा कोठे शेतस?"

आणि तुम्ही गेलात हे सांगायचं सोडून माझ्या तोंडून निघालं, "जळगावलेच शेतस."

तो उठला, दोर सोडून बाजूला टाकला आणि तुमच्या जागेवर बसला. "आबानी माले कधीच धरू दिनं नही," तो हसत म्हणाला. "आज धरस." त्याने एक पाय सांगाड्याला लावला आणि चकती धरली. म्हाताऱ्याच्या मनगटाच्या शिरा वर आल्या. मी सावकाश फिरवलं, पूर्ण फिरवलं, मग उलट. खटका लागला नाही. त्याचा हात सैल होता की नव्हता, हे मी त्याच्या तोंडाकडे बघून ठरवू पाहत होतो, आणि ते तसं ठरत नाही, हे तुम्हीच शिकवलेलं आहे.

निघताना त्याने बजावलं, "आबाले दखाडी दे. त्यासले नही पटनं त परत लई ये."

रिकाम्या परतणाऱ्या केळीच्या ट्रकमधून एक्सल जळगावात, मेहरूणला घरी आणला. आता अंगणात विटांवर ठेवला आहे आणि मी शेजारी बसून हे लिहितो आहे. शेजारच्यांना हाक मारली असती तर कोणीही येऊन धरलं असतं. मारली नाही. सकाळी झाकण खोलून दात न् दात बघेन, आणि बरे असले तर बसवेन.

बसवला म्हणजे तो परत जाणार नाही. तिकडे धुळ्यात त्या म्हाताऱ्याला वाटेल, आबांनी बघितला आणि पसंत केला. त्याला खरं सांगायला मी जाणार नाही, आबा. कोणाला तरी तसं वाटत राहिलेलं मला हवं आहे.