मुख्य टाइमकीपर, शहापूर

२८ सप्टेंबर १९८२, मंगळवार
मोटार रेसिंगचा सीझन संपला. शेवटची रेस लास वेगासला, एका हॉटेलच्या पार्किंगमध्ये. बातमी चार ओळींची, तीही कोपऱ्यात. क्रिकेटला मात्र अख्खं पान. या देशाचं काही होणार नाही.

बातमी ब्लेडने कापून फाइलला लावली. वाचनालयात पेपर सगळ्यात आधी माझ्या हाती येतो. भंडाऱ्यात ग्रंथपाल होऊन तेवढा एकच फायदा. दुपारी भैय्यालाल (धानाचा व्यापारी, आवाज मोठा, वाचन शून्य) तक्रार घेऊन आला. मागच्या पानावरचा धानाचा भाव गायब आहे म्हणे. सांगितलं, भाव उद्या पुन्हा येईल, जगज्जेता वर्षातून एकदाच ठरतो.

संध्या. ६. टिकारामच्या मोटरसायकल गॅरेजपुढच्या बाकावर चर्चा. विषय : यंदाचा जगज्जेता सोळा रेसांपैकी फक्त एक जिंकला, तरी चॅम्पियन कसा? भैय्यालाल म्हणे, सोळा पेपरात एकात पास होनाऱ्याले आमच्या शाळेत मास्तर झोडपत होते. मी पॉइंट सिस्टिम समजावली. टिकारामने विचारलं, दुसऱ्या नंबराले किती पॉइंट भेटते? म्हटलं, ते परिस्थितीवर अवलंबून असतं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. समजलं नसणार.

संकल्प : आजपासून अडाण्यांशी मोटार रेसिंगवर बोलणं बंद.

२९ सप्टेंबर
बोललो. दुसरं आहे कोण?

३ ऑक्टोबर, रविवार
टिकाराम फार खोडकर प्रश्न विचारतो. स्विस ग्रां प्रीची रेस फ्रान्समध्ये काहून झाली? म्हटलं, स्वित्झर्लंडमध्ये डोंगर आहेत, गाडीला सपाटी लागते. तो म्हणे, बरं.

६ ऑक्टोबर
वाचनालयात एक जुना अंक सापडला. स्वित्झर्लंडमध्ये रेसिंगवर बंदी आहे, असं त्यात छापलंय. हल्ली पेपरवाल्यांचाही अभ्यास कमी पडतो. तरीपण अंक कपाटात ठेवून कुलूप लावलं.

१० ऑक्टोबर, रविवार
'भंडारा जिल्हा मोटार स्पोर्ट्स अभ्यास मंडळ' स्थापन. अध्यक्ष, सचिव, प्रवक्ता : मी. सदस्य : टिकाराम, भैय्यालाल. टिकाराम म्हणे, मेंबर झालो तर बाकावरून उठसान का, गिऱ्हाईक बसाले जागा नाही. होकारच समजला.

१७ नोव्हेंबर, बुधवार. मुक्काम शहापूर
दिवाळीसाठी सासुरवाडीला. सासरे मारोतराव. शेती चार एकर, अक्कल त्याहून कमी. तीस वर्षांपासून शंकरपटात घड्याळ धरतात. म्हणजे बैलजोड्या शर्यतीत पळतात आणि हे बुवा चुन्याच्या रेघेजवळ उकिडवे बसून सेकंद मोजतात. त्यावर पंचक्रोशीत केवढा मान! बैलांच्या शर्यतीतला मान.

जेवताना मला विचारलं, जवाईबापू, तुमच्या त्या मोटारीच्या पटात घड्याळ कोन धरते? मोठ्याने हसलो. म्हटलं, तिथं इलेक्ट्रॉनिक असतं, सेकंदाचा हजारावा भाग मोजतात. म्हणे, आन लाइन गेली तं? अशा माणसाशी काय बोलायचं? सगळे जेवायचे थांबून माझ्या उत्तराची वाट पाहत होते. मी आणखी भात घेतला.

मग मागच्या वर्षीचा विषय निघालाच. मला पटाच्या छकडीवर बसवलं आणि छकडी बोडीत, म्हणजे गावतळ्यात, गेली. पाणी गुडघाभरच होतं. वळणावर वजन आतल्या बाजूला गेलं पाहिजे, हे सायन्स बैलांना ठाऊक नव्हतं, त्याला मी काय करणार? म्हातारे-कोतारे, बायका-पोरं, सगळे खो खो हसले. सत्यवतीसुद्धा. बायको आहे माझी.

या गावाला एकदा दाखवायचंच, मी कोण आहे ते. एकदाच, पण सगळ्यांसमोर. त्याशिवाय मला चैन पडणार नाही.

१२ डिसेंबर, रविवार
नशीब म्हणतात ते हेच. पेपरात बातमी : १३ फेब्रुवारीला नागपूर ते रायपूर मोटार रॅली. बावीस गाड्या. वाटेत हायवे सोडून कच्च्या रस्त्यावर दोन किलोमीटरची स्पीड टेस्ट. कुठे? शहापूर!

चार पानी पत्र टाकलं रॅली कमिटीला. मंडळाचा लेटरहेड नाही म्हणून वाचनालयाचा वापरला. शहापूरच्या स्पीड टेस्टचा मुख्य टाइमकीपर म्हणून सेवा द्यायला तयार आहे असं कळवलं. ग्राउंड इफेक्टवरही (हवेच्या दाबाने गाडी रस्त्याला चिकटते, ते सायन्स) दीड पान लिहिलं, म्हणजे कोणाशी गाठ आहे ते कळेल.

४ जानेवारी १९८३, मंगळवार
नेमणूक आली.

छापील कार्ड आहे. 'आपले पत्र मिळाले. स्थानिक स्वयंसेवकांची निवड आमचे प्रतिनिधी समक्ष येऊन करतील.' सत्यवती म्हणे, यात तुमचं नाव कुठी आहे? कार्ड उलटं करून दाखवलं. पत्त्यावर आहे ना. प्रतिनिधी येतील म्हणजे चार्ज द्यायलाच येतील. ऑफिसची भाषा बायकांना कळत नाही.

सासुरवाडीला कळवलं. सासऱ्यांना मुद्दाम लिहिलं, की घड्याळ कसं धरतात ते १३ तारखेला येऊन पाहावं.

५ जानेवारी
टेरिकॉटची पांढरी पँट शिवायला टाकली. टोपीसुद्धा.

१० जानेवारी, सोमवार
प्रॅक्टिस. बसस्टँडवर उभा राहून एस.टी.चा टाइम घेतला. साकोलीची पहिली गाडी सव्वा मिनिट लवकर, दुसरी अकरा मिनिटं उशिरा. कंडक्टर म्हणे, साहेब, घड्याळ पाहा एकडाव. माझं घड्याळ रोज सात मिनिटं मागे पडतं हे खरं आहे. पण रोज सातच. त्यालाच अ‍ॅक्युरसी म्हणतात.

टिकारामने नवीन अडचण काढली. म्हणे, गाडी गेल्यावर तुमी घड्याळाकडे पाहून राहिले, आधी पाहा ना. याला मी रेसिंग शिकवलं. आता हा मला शिकवतो.

१६ जानेवारी, रविवार
पँट आली. कंबरेत घट्ट. शिंप्याची चूक. रोज सकाळी दोन मैल चालायचं ठरवलं.

१७ जानेवारी
थंडी फार. उद्यापासून.

२३ जानेवारी, रविवार. शहापूर, दुपारी
रॅलीचे साहेब आले. जीपमधून. गोरे, गॉगल, तोंडात इंग्लिश. मी पांढऱ्या पँटमध्ये रस्त्यावर सकाळपासून हजर. हात मिळवला. माझं पत्र आठवत नाही म्हणाले. दररोज शेकडो पत्रं येत असतील.

रस्ता दाखवला. योगायोगाने आज शहापूरचा शंकरपट. मीच म्हटलं, सर, चला, आमचे लोक किती मागासलेले आहेत ते दाखवतो, म्हणजे १३ तारखेला सायंटिफिक माणूस का लागतो ते कळेल. साहेब हसले आणि आले.

हजारो माणूस. धूळ, आरडाओरडा, बैल. रेघेजवळ सासरे उकिडवे बसलेले, घड्याळ दोऱ्याने गळ्यात. एक जोडी सुटली, आली, गेली. सासऱ्यांनी वेळ सांगितली. त्या वेळेने हरलेला धुरकरी (जोडी हाकणारा) नुसता हो म्हणून बैल घेऊन गेला. साहेब म्हणाले, भांडण नाही? कुणीतरी सांगितलं, मारोतरावांच्या घड्याळावर कोनी भांडत नाही जी.

मग साहेबांनी खिशातून दोन स्टॉपवॉच काढले. एक स्वतः धरला, एक मला दिला. म्हणाले, पुढची जोडी तिघं मिळून मोजू. हा क्षण. समोर अख्खी सासुरवाडी.

संध्या. ७
नीट आठवून लिहितो.

मोठ्या रेसांत स्टार्ट कसा देतात ते मी साहेबांना समजावून सांगत होतो. सविस्तर. हवेचा विरोध या मुद्द्यावर होतो, तेवढ्यात लोक ओरडले. जोडी रेघ ओलांडून गेली होती. मी बटण दाबलं. माझं घड्याळ तेव्हा सुरू झालं. साहेब आणि सासरे यांच्यात सेकंदाच्या दोन दशांशाचा फरक. माझं घड्याळ अजून चालूच होतं. साहेबांनी ते हातातून काढून घेतलं.

साहेबांनी सासऱ्यांना विचारलं, कसं काय जमतं? सासरे म्हणे, बैलाकडे पायलं का घड्याळ चुकते, रेघीकडे पाहा लागते. साहेबांनी हे डायरीत लिहून घेतलं. माझी चार पानं मात्र आठवत नाहीत.

२४ जानेवारी, सोमवार
काल स्टॉपवॉच सदोष होता, हे आता लक्षात आलं. बटण फार मऊ होतं. रॅली कमिटीला कळवावं लागेल.

२७ जानेवारी, गुरुवार
यादी आली. टाइमकीपर, शहापूर : श्री. मारोतराव.

माझंही नाव आहे. खाली. क्राउड कंट्रोल.

भैय्यालाल म्हणे, म्हंजे दोर धराचा. अडाणी माणूस. मोटार स्पोर्टमध्ये सेफ्टी सर्वांत महत्त्वाची. टाइमकीपरचं काय, कोणीही बसून बटण दाबतो. माणसं वाचवणं हे खरं काम. मंडळाच्या मिनिट बुकात 'मुख्य सुरक्षा अधिकारी' अशी नोंद केली.

सत्यवतीने आनंदाने माहेरी दोन पत्रं टाकली. एक बापासाठी. दुसरंही बापासाठीच.

१२ फेब्रुवारी, शनिवार
उद्या. ठरवलेलं असं : पहिली गाडी आली, की इंजिनच्या आवाजावरून तिचे दोष मोठ्याने सांगायचे. शंभर माणसं माझ्यामागे असतील. ऐकतील. सासरे रेघेकडे पाहत बसतील, गाडी मात्र मी पाहीन. बावीसच्या बावीस. आयुष्यात पहिल्यांदा खरी रेस, तीही सहा हातांवरून. छातीत धडधडतंय, हे कबूल करायला हरकत नाही. इथे कोण वाचतंय.

१३ फेब्रुवारी, रविवार. शहापूर
सकाळी ७.३०. पोचलो. बिल्ला मिळाला. दोर मिळाला.

८.००. साहेबांच्या सूचना. क्राउड कंट्रोलवाल्याने रस्त्याकडे पाठ आणि लोकांकडे तोंड करून उभं राहायचं. गाडी येताना लोक पुढे सरकतात, म्हणून गाडी येताना तर मुळीच वळायचं नाही. मी म्हटलं, सर, मी या विषयाचा अभ्यासक आहे. म्हणाले, मग तुम्हाला याचं महत्त्व कळेल.

८.४०. समोर सगळी सासुरवाडी. मधोमध सत्यवती, नवं लुगडं. सगळे माझ्या डोक्यावरून रस्त्याकडे पाहताहेत.

९.१०. पहिली गाडी. मागून आवाज आला, वारा आला, पाठीवर खडी आली. तोंडासमोर शंभर माणसांनी एकदम तोंड उघडलं. वळेपर्यंत नुसती धूळ.

९.२५. सहा गाड्या झाल्या. म्हणजे लोक म्हणतात.

९.५०. सातव्यापासून ठरवलं होतं, एक तरी पाहायचीच. चौदाव्या गाडीला वळलो. माझ्या बाजूचा दोर ढिला पडला, लोक पुढे सरकले, एक म्हातारी दोन पावलं रस्त्यात. तेवढ्यात सासऱ्यांचा आवाज. रेघेवरून नजर न काढता, सगळ्यांसमोर, अगदी आदराने : जवाईबापू, तोंड लोकायकडे करा.

वळलो. म्हातारीला दोराआड ओढलं. गाडी गेली. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, निदान राग तरी काढता आला असता.

१०.३०. बावीस झाल्या. साहेब सासऱ्यांच्या शेजारी उकिडवे बसून चहा पीत होते. पांढरी पँट मातीच्या रंगाची.

१४ फेब्रुवारी, सोमवार. भंडारा
टिकाराम आणि भैय्यालाल सकाळीच वाचनालयात हजर. कशी होती ते सांगा म्हणे. पहिल्यांदाच दोघं मिळून मला काही विचारत होते. म्हटलं, संध्याकाळी लेखी अहवाल देतो. प्रत्यक्षदर्शीचा.

दुपारी ४. अहवाल लिहायला बसलो. पहिला मुद्दा : पहिली गाडी कोणती? सत्यवतीला सहज विचारलं. ती भांडी घासत होती. पांढरी होती म्हणे, मागचा उजवा दिवा फुटला होता. दुसरी निळी, तिचा डायव्हर तोंड उघडं ठेवून हाकलून राहिला होता. तिसरी रेघीजवळ घसरली, पण सावरली. अशा बावीसही सांगितल्या. नंबर चुकला नाही. मी लिहून घेतलं. दोन ठिकाणी दुरुस्ती सुचवली, की एवढ्या स्पीडला गाडी अशी घसरू शकत नाही. तिने विचारलं, तुमी पायली का?

मी पुढचा मुद्दा घेतला.

मग तिने हात पुसले, येऊन बसली आणि म्हणाली, मंग तुमी दिवसभर पायलं तरी काय? काहीतरी बोलायलाच हवं होतं. म्हटलं, तुले पायलं.

ती लाजली. लग्नानंतर पहिल्यांदाच असं पाहिलं तिला. चहात आलं टाकलं, म्हणाली, इतक्या गाड्या सोडून?

मी चहा प्यायलो. खरं सांगायचं तर खरंच होतं ते. समोर तीच उभी होती, दुसरं काही दिसतच नव्हतं.