गॅलरीतला सूर्य आणि शिवदासची मोजपट्टी

मी, मालन दत्ताराम घाडी, वय शहात्तर, राहणार श्रमसाफल्य सोसायटी, नाहूर, आज पूर्ण शुद्धीवर आहे. मला कुणी धाक घातलेला नाही. उलट सगळे फारच गोड बोलतायत, म्हणूनच हे मृत्युपत्र लिहून ठेवते. शिक्षण तिसरी, चुकलं तर समजून घ्यावं.

१. राहती खोली मुलगा राजेश याला. खाली अट आहे. राजेश, शेवटपर्यंत वाच.

२. बांगड्या सून अनुपमाला. तिने माझं खूप केलंय, नाही म्हणत नाही. पण हल्ली सारखी विचारते, "आई, गॅलरीत वारा लागतो ना तुम्हाला?" इतकी वर्षं नाही लागला तो!

३. सूर्याचा फोटो काढायची पेटी नात गंधालीला. कॉलेजात शिकून आली आणि आम्ही दोघींनी घरीच बनवली. आमच्या ह्यांची दाढीची दोन ब्लेडं समोरासमोर लावून केसाएवढी फट केली. तिच्यातून आलेलं ऊन आतल्या काचेने सात रंगांत फुटतं. तांबड्यात एक काळी रेघ असते, मोबाइल तेवढीच धरतो. पेटी गॅलरीत ठेवली की सूर्य आपला आपण फटीसमोरून सरकतो, त्याच्या पट्ट्या पडतात, कॉम्प्युटर त्या गोधडीसारख्या जोडतो. पहिला सूर्य जोडला तेव्हा काठावर ज्वाळा दिसली, बाई! इकडे चहा उतू गेला, मला पत्ताच नाही.

४. राजेश म्हणतो, "गच्चीवर जाऊन बघ ना." गच्चीला सेक्रेटरीचं कुलूप. आणि परवा स्लायडिंगच्या खिडक्या बसवणारा शिवदास आमची गॅलरी मोजून गेला. विचारलं तर राजेश म्हणे, "पडद्यासाठी गं." गॅलरीला पडदा? झिला, तुझी आवस अजून जिती आसा! गॅलरी आत घेऊन तिथे सोफा टाकायचाय ह्याला. काचेआडून सूर्य पुसट येतो, आम्ही करून बघितलंय.

५. म्हणून अट. गॅलरीला काच लागेल त्या दिवसापासून खोली गंधालीची. वकील म्हणाले, "आजी, असं कुणी लिहीत नाही." वकील राजेशनेच आणलेत. मी लिहिलं.

आज शिवदासला चहाला बोलावून हे सगळं वाचून दाखवलं. "मावशी, मला कशाला यात ओढता?" म्हणाला. म्हटलं, "काच तूच लावणार ना? मग कर सही."

दोघा साक्षीदारांनी माझ्यासमोर सह्या केल्या.

नाहूर, १२ फेब्रुवारी २०२५
मालन दत्ताराम घाडी

साक्षीदार:
नंदा कांबळे, शेजारीण
शिवदास मेस्त्री, स्लायडिंगवाला. माप घेतलं होतं. ॲडव्हान्स परत करतो.