केळ्यांचा वास

मंगळवार, संध्याकाळ
धरणगाव

सरकारी अनुदान नाकारलं. कारण काय, तर चाचण्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत झालेल्या नाहीत. तिथली चाचणी परवडत नाही म्हणूनच तर अनुदान मागितलं होतं. हे कुणाला सांगू?

पण निकालापेक्षा ते हसणंच डोक्यातून जात नाहीये. पुण्याला अनुदानाच्या मुलाखतीत एका मॅडमनी आमचा पट्टा हातात घेतला. नवजात बाळाचं अंग गार पडलं की वाजणारा, रफीकनं आणि मी मिळून केलेला. त्यांनी तो नाकाशी नेला. "याला केळ्यांचा वास येतोय का?" मी खरं ते सांगून टाकलं. आमच्याकडे उन्हाळ्यात गार खोली मिळते ती फक्त माझ्या काकांच्या केळी पिकवायच्या केंद्रात. तिथेच बाळाच्या जागी कोमट पाण्याच्या पिशव्यांना पट्टे बांधून तपासले. सगळे हसले. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, म्हणूनच जास्त लागलं. रफीक खाली बघत राहिला. आज फोनवर म्हणाला, भुसावळला नोकरी बघतोय. मी कोणत्या तोंडानं अडवू?

खोटं बोलायला हवं होतं का?

आत्ता काका येऊन गेले. निकालाचं तोंडातून निघेना. वासावर सगळे हसले, एवढंच सांगितलं. काका खूश झाले. "हसनात म्हंजे आवडनं ना त्यास्ले?"

मी हो म्हटलं.

"मंग आखो एक खोली खाली करी देस तुमले," म्हणाले, आणि आणखी एका गार खोलीची किल्ली टेबलावर ठेवून गेले. किल्लीलाही तोच वास.