पाचव्या मरणाची रजा

मी, खाली सही करणारी, वय एकसष्ट, धंदा शिवणकाम, राहणार दुकानावरच्या दोन खोल्यांत, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. शेजारीण याबद्दल वेगळं सांगेल, पण तिचा कोट अजून शिवून व्हायचाय.

१. दोन्ही खोल्या आणि दुकान माझा धाकटा भाऊ व भावजय यांच्या नावे. विकायचं झालं तर दोघांच्या सह्या लागतील. भावावर माझा विश्वास आहे, दारूवर नाही.

२. बँकेतली शिल्लक एकट्या भावजयीची. तो पिऊन आला की ती दार उघडायची नाही. मी तिला दगडाच्या काळजाची म्हणाले होते, ते शब्द मागे घेते. मी मात्र दार उघडत राहिले आणि तो पीत राहिला.

३. मावशीला काहीही नाही. वकील म्हणतात, साक्षीदाराला देऊ नये. शिवाय तिला मी आधीच पुष्कळ दिलंय. भाऊ पिऊन पडला की मी त्याच्या छापखान्यात फोन करायचे, "मावशी वारली हो, तो आज येत नाही." आम्हाला मावशी एकच, हे मालकांना माहीत नव्हतं. चौथ्या वेळी ते स्वतः सांत्वनाला आले. दार मावशीनेच उघडलं.

"कोण गेलं?" तिने विचारलं.

"यांची मावशी."

"मग बसा ना. मीच ती."

मालक गेल्यावर ती मला म्हणाली, "त्याला वाचवायला मला मारतेस, मार बापडी. पण तो वाचतोय कुठे?"

पुढच्या खेपेला भाऊ अंथरुणातूनच म्हणाला, "ताई, सांग ना त्यांना काहीतरी." मी फोन लावला आणि सांगितलं, "तो पिऊन पडलाय." सहा महिने त्याने माझ्याशी अबोला धरला. पण मालकांनी अट घातली, आधी व्यसनमुक्ती केंद्र, मग काम. तो गेला. परत आल्यावर एकदा घसरला, तेव्हा फोन त्याने स्वतः केला: "प्यायलोय. येत नाही." त्या दिवशी मी मशीनवर डोकं टेकून आनंदाने रडले. त्यानंतर त्याने थेंबाला हात लावलेला नाही. याला पाच वर्षं झाली.

४. मोठी कात्री भावाला. बाटली मावू नये म्हणून मी त्याच्या कोटांचे आतले खिसे शिवून टाकले होते. शहाण्याने ती मोज्यात ठेवायला सुरुवात केली. आता खिसे उसवायला माझी हरकत नाही.

५. मी गेले की छापखान्यात फोन भावानेच करावा. मालक "परत?" म्हणाले, तर सांगावं की या वेळी खरंच. मला पोहोचवून झालं की त्याने घरी बसू नये. दारू सोडलेल्या ज्या मंडळींत दर मंगळवारी जाऊन बसतो, त्यांच्याकडे जावं आणि "ताई गेली, प्यावंसं वाटतंय" असं तोंडाने सांगावं. मला मरणाची भीती नाही, त्या एका संध्याकाळची आहे.

स्थळ: दुकान, कापडाचं टेबल.
दिनांक: ७ मार्च २०२३, मंगळवार. भाऊ सभेला गेला आहे.

सही: ताई

साक्षीदार:
१. मावशी. चार वेळा वारलेली, सध्या हयात.
२. छापखान्याचे मालक. एका दिवसाची रजा आत्ताच मंजूर. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला न्यायला स्वतः येईन.