पेरभर पाणी

आई, आज कुकर लावताना वाटी बाजूला ठेवली, तांदळावर बोट टेकवून पाणी घातलं आणि तुझी इतकी आठवण आली की लिहायलाच बसले.

पोशीरच्या घरी तू पाणी कधी वाटीनं मोजलं नाहीस. तांदळावर बोट टेकवायचं, पहिलं पेर बुडलं की पुरे. मी तेव्हा कॉलेजात भौतिकशास्त्र शिकत होते, मला शिंगं फुटली होती. "तुझं बोट आणि काकूचं बोट सारखं आहे का? हे काय एकक झालं?" भाकरी थापता थापता तू म्हणालीस, "टोपात माझंच बोट जानार हाय ना गं?" मी हसले होते. अजूनही हसू येतं.

मग दादाचा साखरपुडा. गावात कुठलंही कार्य असो, भाताच्या चुलीशी तूच. त्या दिवशी मात्र पाणी मी मोजलं, हट्टानं. घरी तुझं पाणी मी मोजून पाहिलं होतं, वाटीला दोन वाट्या, म्हणून दीडशे वाट्यांना तीनशे. तू टोपात डोकावतेस. "पानी लय झालं गं." मी म्हणते, "गणित आहे आई, चुकत नाही." भाताचा पार लगदा झाला. खालापूरचे व्याही ताटाकडे बघत राहिले, आणि कोणी विचारायच्या आत तू पदराला हात पुसत म्हणालीस, "आज माझा हात चुकला." मी शेजारीच उभी होते. गावातल्या पुढच्या लग्नात भाताला दुसरीला बोलावलं. तू तिथं लसूण सोलत बसलीस.

आता कर्जतच्या कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवते. टोप सगळ्या बाजूंनी दुप्पट केला तर तांदूळ आठपट मावतो, पण वाफ जाते ते तोंड चौपटच होतं. वाफेवर जाणारं पाणी तांदळाच्या पटीत वाढवून चालत नाही. टोप केवढाही असो, वर पाणी पेरभरच, म्हणून तुझं पेर तोंडाच्या हिशेबानं चालायचं, माझी वाटी नाही. मुलांना साखरपुड्यातल्या भाताचं हे उदाहरण फार आवडतं.

काल एका मुलीनं विचारलं, "मॅडम, लगदा झाला त्या दिवशी पाणी कोणी मोजलं होतं?"

"आमच्या आईनं," मी म्हणाले.