तिसऱ्यांदा आणलेली कॉफी

ऐन अल-जौझ,
२२ सप्टेंबर

प्रिय वर्दे,

अनेक आशीर्वाद. सिडनीत तुम्ही सगळे देवाच्या कृपेने सुखरूप असाल. इथे ऑलिव्ह यंदा भरपूर धरले आहेत. अंजिरं वाळत घातली आहेत. ज्या खिडकीत बसून लिहितो आहे, तिथून खालची दरी दिसते. आपल्या घरातून दरी दिसत नाही, हे तुझ्या लक्षात येईलच. त्यावर येतो.

मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळी मी दाढी केली, वडिलांचा काळा कोट झटकून घातला आणि चर्चमध्ये मिस्सा संपताच आपले पाद्री अबूना बूलोस यांना म्हणालो, "माझ्याबरोबर वरच्या आळीत चला, बू फारेसकडे."

"आज कुणासाठी मागणी?"

"वाटेत सांगतो," म्हणालो, आणि वाटेत काहीच सांगितलं नाही.

मागणी घालायला जाताना लोक मला मुद्दाम नेतात, तुला ठाऊक आहे. यजमानाने शब्द देईपर्यंत कॉफीला तोंड लावायचं नाही, आणि ते मला जमतं. याच्यापुढे कॉफी ठेवली काय नि दगडापुढे ठेवली काय, असं म्हणतात माझ्याबद्दल.

हन्नेने तीन कप आणून ठेवले. हन्ने आठवते ना? बू फारेसची मुलगी, तुझ्याहून थोडी मोठी. नवरा गेल्यापासून बापाचं तीच बघते.

"या वेळी कुणाचा निरोप आणलास?" म्हाताऱ्याने विचारलं.

"माझाच, काका. हन्नेसाठी."

तो खोकला येईपर्यंत हसला. मग एकदम थांबला. "ती गेली तर मला रोटी कोण भाजून घालणार? तू? तोंडात दात नाही माझ्या. तिच्याइतकं मऊ मांसाचं किब्बे कुटणारी दुसरी दाखव मला!"

मी कपाला हात लावला नाही. कॉफी निवली. हन्ने आली, थंड कप उचलून घेऊन गेली आणि गरम कॉफी आणून ठेवली.

"पुन्हा कशाला आणलीस गं?"

"पाहुण्यांपुढे थंड कॉफी ठेवू?"

"पाहुणे उठून गेले असते की!"

"म्हणूनच आणली, बाबा."

वर्दे, चर्चमध्ये इतकी वर्षं गुडघे टेकले, पण देवाने माझं ऐकलंय असं इतकं स्वच्छ कधी वाटलं नव्हतं.

ती कॉफीही निवली. तिसऱ्यांदा कप ठेवताना ती म्हणाली, "डबा रिकामा झाला. आता काय ते ठरवा."

"अरे बाबा, मी मिस्साच्या आधीपासून उपाशी आहे," अबूना कळवळले. "पाद्र्याला मारल्याचं पाप लागेल तुला!"

तेव्हा मी बोललो. "काका, मी तिला न्यायला आलो नाही. मीच इथे येतो राहायला."

"घरजावई? गाव हसेल तुला."

"हसू दे."

"आणि बापाचं घर?"

तिथे मला तू आठवलीस. विमानतळावर तू माझा हात धरून म्हणाली होतीस, "दादा, घर उघडं ठेव." त्या शब्दापायी मी सगळं आयुष्य खालच्या आळीत काढलं, असं म्हटलं तर ते खोटं होईल. मला भीतीही वाटत होती, आणि तुझा शब्द सोयीचा होता.

म्हाताऱ्याने काठी बाजूला ठेवली. मग स्वतःचा कप उचलून एका घोटात संपवला. "घे. ही पण निवेल." अबूनांनी क्रूसाची खूण केली आणि माझ्याआधी कप रिकामा केला! आतल्या खोलीतून हन्नेचा आनंदाचा चीत्कार उठला. या वयात, वर्दे! शेजारच्या बायका धावत आल्या.

गेल्या रविवारी आमचं लग्न झालं. तुला कळवलं नाही. तू "थांब, मी येते" म्हणाली असतीस, आणि मी थांबलो असतो. थांबण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

आता राहिलेलं सांगतो. आईचं दगडी उखळ मुलीकडे जायचं, म्हणजे ते तुझ्या हक्काचं. तुला न विचारता ते हलवलं. काल चौघांनी दोर बांधून चढावरून वर आणलं. मध्येच निसटलं तेव्हा माझा जीव गेला होता, पण तडासुद्धा गेला नाही. गच्च्यांवरून तांदूळ उधळले लोकांनी, जणू दुसरी वरात! बू फारेस दारात काठी आपटत ओरडत होता, "सांभाळून रे, माझे दात येताहेत!"

आज पहाटे प्रार्थना करून मी स्वतः मांस आणि भिजवलेला दलिया त्यात घातला आणि कुटायला बसलो. हन्ने शेजारी बसून मीठ आणि पाणी सांगत होती. म्हाताऱ्याने पहिला घास घोळवून घोळवून खाल्ला आणि म्हणाला, "अजून थोडं कुट." मग ताट पुढे केलं.

खालच्या घराला मी काल संध्याकाळी कुलूप लावलं. किल्ली या पाकिटात आहे. घर आता तुझं. उघडायला कधीही ये.

तुझा भाऊ, आता वरच्या आळीत राहणारा,
मतान्योस