‘थिओडोरा’च्या चार खिळ्यांबाबत

मी, झेकॅरिया लुस्कॉम्ब, वय एकाहत्तर, राहणार प्लिमथ डॉक, पूर्वी राजाच्या आरमारातील बत्तीस तोफांची फ्रिगेट ‘थिओडोरा’ हिचा सुतार, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. हात थरथरतो तो वयाने, कोणी धरलेला नाही. वकील प्राउस म्हणाले, “मी लिहून देतो, तुम्ही फक्त सही करा.” फक्त सही करणाऱ्यांचं काय होतं ते मी पुष्कळ पाहिलंय.

कलम १. माझी हत्यारांची पेटी, आतल्या रंधे, पटाशा व सामत्यांसह, भावाचा मुलगा पास्को यास द्यावी. किल्ली मात्र मला पुरल्यावरच. गेल्या महिन्यात मला खोकला झाला तर हा दोनदा येऊन गेला. “काका, बरं वाटतंय ना?” असं विचारतो आणि नजर पेटीवर. मी बरा झालो तेव्हा त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

कलम २. राहतं घर, परसासह, कोणास जावं हे ‘थिओडोरा’वर अवलंबून आहे, म्हणून तिची हकिगत लिहिणं भाग आहे. कप्तान बदलतात, खलाशी बदलतात. सुतार जहाजाबरोबरच राहतो. टेमार नदीवरच्या एका खाजगी गोदीत ती बांधली, १७९४ साली पाण्यात सोडली, आणि त्या दिवसापासून मी तिच्यावर. तिच्या मागच्या भागातले तांब्याचे खिळे माझा मेहुणा जोसाया हॅनाफोर्ड याच्या देखरेखीखाली ठोकले गेले. ९८ साली ब्रेस्टसमोर एका फ्रेंच फ्रिगेटशी आम्ही दोन तास भिडलो. माझ्या डाव्या बाजूला तोफ उडाली, तीन दिवस कानात माश्या घोंघावत होत्या. पुढच्या हिवाळ्यात बिस्केच्या उपसागरातल्या वादळात तळाशी चार फूट पाणी भरलं. पंप मारणारी नऊ माणसं एकाच लाटेने नेली.

वादळ ओसरल्यावर मी सुकाणूच्या आतल्या सांदीत शिरलो आणि हातोडीने खिळे वाजवून पाहिले. तिथले चारही खिळे बद्द वाजले. गोदीतला प्रत्येक माणूस याचा अर्थ जाणतो: सैतानी खिळा. वर डोकं, खाली टोक, मधलं हातभर तांबं चोरून विकलेलं. मी कप्तानांना तसं सांगितलं. सुताराच्या कानावर आरमारात कोणी शंका घेत नाही. शेजारी नवे खिळे ठोकले, जुने तसेच राहिले, आणि जोसायाला गोदीतून हाकललं.

तो माझ्या दारात आला होता. म्हणाला, “झेक, एक उपटून बघ. फक्त एक.”

मी म्हणालो, “मला कान आहेत.”

त्याला पुन्हा कोणत्याही गोदीने उभं केलं नाही. गरीबखान्यात जुने दोर पिंजत तो १८११ साली वारला. माझी बायको थॉमसिन त्याची सख्खी बहीण. तिने या विषयावर सतरा वर्षांत चकार शब्द काढला नाही. मरताना एवढंच विचारलं, “उपटायला काय हरकत होती हो?”

‘थिओडोरा’ पुढे वेस्ट इंडीजला गेली, भूमध्य समुद्रात गेली, मग डोलकाठ्या काढून तिचं कोठार केलं. लोक म्हणत, खिळे पोकळ असते तर ती तगली कशी? माझ्या नव्या खिळ्यांवर तगली, दुसरं काय.

कलम ३. आता ती मोडीत निघाली आहे. मंगळवारी मागच्या फळ्या निघतील. त्या चार खिळ्यांवर मी पटाशीने खूण केली आहे, कारण मोडीवाला ते बदलणार नाही याचा भरवसा काय? खिळे पोकळ निघाल्यास घर पास्कोला. सबंध निघाल्यास जोसायाची मुलगी डॉर्कस हिला. तसं होणार नाही, पण प्राउस म्हणतात दोन्ही बाजू लिहाव्या लागतात.

बुधवार. वरचं काहीही खोडत नाही. खोडलं तर लोक म्हणतील म्हाताऱ्याने काहीतरी दडवलं.

काल डॉर्कस मोडीच्या धक्क्यावर आली होती. खलाशांचे सदरे शिवून ती पोट भरते. ती कोणाला फितवते की काय म्हणून मी तिच्यावर डोळा ठेवून होतो. उपटण्याआधी तिने स्वतः हातोडी घेऊन खिळा वाजवला.

“बद्द,” मी म्हणालो. “ऐकलंस?”

“ठणठणीत वाजतोय, आतोबा. जरा दुसरा कान करा.”

मी मान फिरवली. तिने पुन्हा वाजवला. खिळा घंटेसारखा वाजला.

फळ्या जागेवर असताना त्या सांदीत डावाच कान लागतो. उजवा लावायला मान वळत नाही. तोफेनंतर डावा कान जड झालाय हे मला ठाऊक होतं. बायको हाक मारायची तेव्हा मी उजवीकडूनच ऐकायचो. खिळे वाजवताना मात्र ते माझ्या डोक्यात आलं नाही. चारही खिळे निघाले, बावीस-बावीस इंच, अखंड तांबं. शेजारच्या फळीची किड्याने चाळण केली होती, पाणी तिथून आलं. मी जोसायाला मारलं. याहून सौम्य शब्द मला सापडत नाही.

कलम ४. घर डॉर्कस हॅनाफोर्ड हिला. हे कलम गोदीच्या फाटकावर, कामगार सुटतात त्या वेळी, मोठ्याने वाचावं.

घर लिहून द्यायला तीन साक्षीदार लागतात. प्राउस आणि त्यांचा कारकून हे दोन झाले. समोरच्या पाववाल्याला बोलवायला कारकून उठला, तेवढ्यात डॉर्कसने लेखणी उचलली. प्राउस म्हणाले, “पोरी, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. तू सही केलीस की तुझं घर गेलं. ते वारस म्हणून पास्कोच्या घशात जाईल.”

“जाऊ दे,” ती म्हणाली. “बाबांची साक्ष कोणी घेतली नाही. माझी घ्या.”

मी तिला अडवलं नाही. अडवायला मला तोंड नाही.

ठिकाण: प्लिमथ डॉक
दिनांक: २० ऑगस्ट १८२३

सही: झेकॅरिया लुस्कॉम्ब

आमच्यासमक्ष सही केली:
१. सायमन प्राउस, वकील
२. रूबेन टोझर, कारकून
३. डॉर्कस हॅनाफोर्ड, जोसाया हॅनाफोर्ड यांची मुलगी